ब्रेक कोणी बदलले?

गाडीचा हॉर्न वाजला नाही तर आपण काच खाली करून ओरडू शकतो. एसी बंद पडला तर सिंगापूरच्या उकाड्यात घामाघूम होऊन का होईना, घरी पोचतो. इंजिन बंद पडले तर टो-ट्रक बोलावतो आणि खिसा रिकामा करतो. ब्रेकचे मात्र तसे नाही. ब्रेक लागला नाही तर पुढचे काही ठरवायला वेळच उरत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा आपण एकटे भरत नाही. म्हणूनच "स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड नवशिक्याने स्वतः बदलावेत का?" हा प्रश्न वरवर हौशी लोकांचा वाटला, तरी मला तो नीतिशास्त्राचा वाटतो. गेल्या वर्षी तो माझ्यापुढे अगदी शब्दशः उभा राहिला. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही असा आग्रह झाला तेव्हा डोक्यात दुसरे काही नव्हते, म्हणून हा लेख.

आधी गाडीबद्दल सांगून टाकतो. आम्ही यिशुनला राहतो. लिम नी सून या रबर आणि अननसाच्या बड्या व्यापाऱ्याच्या नावाचे मँडरिन रूप म्हणजे यिशुन. बेटाच्या उत्तर टोकाकडचा हा भाग, हाउसिंग बोर्डाचे उंच ब्लॉक, खाली कॉफीशॉप, सगळे आपल्या परिचयाचेच. अशा ठिकाणी राहून मी २०१२ सालची, दोनच माणसे बसतील अशी माझदा एमएक्स-५ ही स्पोर्ट्स कार विकत घेतली. घरात माणसे तीन. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने दोन आसनांची गाडी का घ्यावी यावर आमच्याकडे जी चर्चा झाली, ती या अंकात छापण्याजोगी नाही. इथे १९९० पासून सीओईची पद्धत आहे, त्यामुळे गाडीपेक्षा गाडी ठेवण्याचा हक्क महाग पडतो, आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी तपासणीला न्यावे लागते. त्या तपासणीच्या आधी मी सहज चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिले. पुढच्या चाकांचे बाहेरचे पॅड झिजलेले दिसत होते. नवा पॅड साधारण सेंटिमीटरभर जाडीचा असतो. तीन मिलिमीटरपर्यंत आला की बदलायचा.

गॅरेजमध्ये टाकून अर्ध्या तासात काम झाले असते. मग मला ते स्वतः करावेसे का वाटले? पैसे वाचवणे हे कारण नव्हते, कारण अवजारांवर जेवढे खर्च झाले तेवढ्यात दोनदा पॅड बदलून मिळाले असते. कारण दुसरे होते. वीस वर्षे मी बँकांच्या संगणक-प्रणालींवर सल्लागार म्हणून काम करतो. माझे काम कधी कोणी हातात धरून पाहिलेले नाही, मीसुद्धा नाही. आपल्यातले जे इंजिनिअर आहेत त्यांना पहिल्या वर्षाचे वर्कशॉप आठवत असेल. लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा. अनेक कॉलेजांत तो 'जॉब' चहापाण्याच्या बदल्यात दुसऱ्याकडून घासून घेण्याची मोठी थोर परंपरा होती. हाताने करायचे काम दुसऱ्याचे आणि सही आपली, ही आपल्या शिक्षित मध्यमवर्गाची जुनी वाटणी आहे, आणि तिच्या मुळाशी जे काही आहे ते आपण सगळे जाणतो. त्या वाटणीच्या पलीकडे एकदा पाऊल टाकावे असे वाटले.

इथेच एक गोष्ट खटकली. लोखंडाचा चौकोन वाकडा झाला तर मार्क जातात. ब्रेक हा शिकण्याचा विषय आहे का?

काम स्वतः करण्यात अवघड काही नाही, असे सगळेच सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मागच्या चाकांना अडण लावायचे. जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवायची, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक काढले की चकतीला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर दिसतो. त्याचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलायचा, जुने पॅड बाहेर काढायचे, पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत दाबायचा, तेव्हा वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल उतू जात नाही ना हे पाहायचे, सरकत्या पिनांना त्यांचे खास ग्रीस लावायचे, ते पॅडच्या तोंडाला लागू द्यायचे नाही, नवे पॅड बसवायचे आणि सगळे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे. त्यासाठी टॉर्क रेंच मिळतो. आणि गाडी इंचभरही हलवण्याआधी ब्रेकचे पेडल अनेकदा दाबायचे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्यांदा पाय थेट तळाशी जातो, ब्रेक लागतच नाही.

एवढ्याशा कामाचे वजन मला आकड्यांत कळले. चालकासह बाराशे किलोची गाडी ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेच्या मर्यादेत, चालली असेल आणि ती पूर्ण थांबवायची असेल, तर पावणेचार लाख जूल ऊर्जेची उष्णता होते. नळाचे सव्वा लिटर पाणी त्यात उकळेल. म्हणजे एकदा ब्रेक दाबला की सहा कप चहाचे आधण, तेही चार-पाच सेकंदांत. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर, तळहाताएवढ्या चार पॅडवर येतो.

मित्रमंडळींत विषय काढला तेव्हा दोन तऱ्हेची उत्तरे मिळाली. एक गट म्हणाला, "गाडी तुझी, हौस तुझी, कर ना." दुसरा म्हणाला, "अरे, तू कंप्युटरवाला. ज्याचे काम त्याने करावे." दोन्ही उत्तरांनी माझे समाधान झाले नाही. पहिल्या गटाला वाटते की गाडी माझी म्हणून धोकाही माझाच. दुसऱ्याला वाटते की काम तज्ज्ञाकडे सोपवले की जबाबदारीही तिकडे जाते.

तज्ज्ञाचे आधी पाहू. सिंगापुरात घरातले वायरिंग करायला परवानाधारक माणूस लागतो, गॅसची जोडणी करायलाही लागतो. गाडी चालवायची तर दोन लेखी परीक्षा आणि एक प्रत्यक्ष. ब्रेक पॅड बदलायला मात्र कोणी परवाना विचारत नाही. माझ्या दुसऱ्या गटातल्या मित्रांना हे विचित्र वाटते. मला तेवढे वाटत नाही, कारण परवाना माणसाला मिळतो, त्या दिवशीच्या कामाला नाही.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची, कप्तानापुढची काच सुमारे सतरा हजार फुटांवर निखळून पडली. कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि नवल म्हणजे कप्तान वाचला. ती काच आदल्याच दिवशी बदललेली होती. नव्वद बोल्टपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट व्यासाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक होते, उरलेले सहा लांबीला कमी. बसवणारा कोणी शिकाऊ पोरगा नव्हता, अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने जुना बोल्ट समोर धरून नवे बोल्ट नजरेने जुळवले. गंमत अशी की जुने बोल्टही चुकीचेच होते. आणि ही जागा 'अत्यंत महत्त्वाची' अशा यादीत नसल्याने दुसऱ्या कोणी ते काम तपासण्याची सक्ती नव्हती. माझी खात्री आहे की एखाद्या नवशिक्याने घाबरत घाबरत कॅटलॉग उघडला असता. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने हाताला जी सवय लागते, ती कॅटलॉग उघडू देत नाही.

याचा अर्थ नवशिका बरा असा मुळीच नाही. नवशिक्याचे अज्ञान दोन थरांचे असते. काही गोष्टी आपल्याला येत नाहीत हे त्याला माहीत असते. त्या वाचून, विचारून भरून काढता येतात. पण काही गोष्टी अस्तित्वात आहेत हेच त्याला माहीत नसते. त्या कशा विचारायच्या? अनुभवी माणसाचा धोका सवयीचा, नवशिक्याचा या दुसऱ्या थराचा.

इथे मला अमेरिकेत एमएस करतानाचा एक तास आठवला. इंजिनिअरिंग एथिक्सचा सक्तीचा तास, शुक्रवारी संध्याकाळचा, आम्ही सगळे पेंगत होतो. प्राध्यापकांनी विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा निबंध शिकवला. त्यात एक जहाजमालक आहे. त्याचे जहाज जुने, वारंवार डागडुजी लागलेले, आणि ते स्थलांतरितांना घेऊन निघणार. मनात शंका येते की एकदा नीट तपासून घ्यावे का. पण खर्च येईल. मग तो स्वतःला समजावतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, देव आहे पाठीशी, माणसांनी उगाच संशय घेऊ नये. हळूहळू त्याची खरोखरच खात्री पटते, हलक्या मनाने तो जहाजाला निरोप देतो, आणि जहाज बुडते तेव्हा विम्याचे पैसे घेतो. तो दोषी, हे कोणीही म्हणेल. क्लिफर्ड पुढे विचारतो, समजा जहाज बुडाले नसते, सुखरूप पोचले असते, तर? त्याचे म्हणणे, दोष तेवढाच. कारण प्रश्न जहाज बुडले की तरले हा नाहीच; ते तरेल असे मानण्याचा त्याला अधिकार होता का, हा आहे. त्याने विश्वास तपासून कमावला नव्हता, शंका दाबून मिळवला होता.

त्या शुक्रवारी हे मला फार कडक वाटले होते. काही झालेच नाही तर दोष कसला? यिशुनमध्ये टॉर्च घेऊन चाकापाशी वाकल्यावर ते बरोबर वाटू लागले. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, नवी गाडी चाकाखाली लिंबू चिरडून बाहेर काढतो. मीही काढली आहे, प्रसन्न वाटते. पण जहाजमालकही देवावर हवाला ठेवूनच हलक्या मनाने बंदरावर उभा होता.

क्लिफर्डच्या कसोटीला लावले तर माझ्या दोन्ही मित्रगटांची उत्तरे सारखीच लंगडी पडतात. गाडी गॅरेजला दिली, एसीत बसून पेपर वाचला, बिल भरले आणि निघालो. ब्रेक नीट लागतील असे मानण्याचा मला काय अधिकार आहे? बिलाचा? माझ्या लहानपणी सोलापुरात वडिलांच्या बजाज चेतकचे लायनर घासले की आम्ही कोपऱ्यावरच्या गॅरेजात जात असू. मिस्त्री टपरीवर चहा घेत असे, आणि चाक उघडून लायनर बदलणारा पोऱ्या माझ्याच वयाचा, दहा-बारा वर्षांचा. हात ग्रीसने काळे, विजारीला रॉकेलचा वास. वडील मिस्त्रीशी राजकारणावर बोलत. त्या पोऱ्याचे हे कितवे चाक हे कोणी कधी विचारले नाही. मग आम्ही चौघे त्या स्कूटरवर बसून घरी यायचो, मी पुढे उभा. त्याचे पहिले चाक कोणाच्या तरी गाडीचे होतेच. जगातल्या प्रत्येक तज्ज्ञाने पहिला ब्रेक कोणाच्या तरी गाडीवर बसवला आहे, आणि बहुतेक वेळा त्या गाडीच्या मालकाला ते सांगितलेले नाही. ते मूल तिथे असायलाच नको होते, हा त्याहून मोठा प्रश्न. पण त्याच्या हातावर आम्ही चार जीव टाकत होतो आणि आम्हाला त्याचे नावही माहीत नव्हते.

किंबहुना मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवातच नवशिक्यांनी केली. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्झहाइमला, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, माहेरी निघाली. नवऱ्याला न सांगता. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बाउश्लॉट नावाच्या गावात तिने एका चर्मकाराला गाठले आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. त्या कारागिराने मोटार जन्मात पाहिली नसेल. पण चामडे कुठे टिकते आणि खिळा कुठे धरतो हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि बर्थाबाई स्वतः, पोटच्या पोरांसह, त्याच ब्रेकवर पुढचा उतार उतरली. मला या गोष्टीत तिचे धाडस जेवढे भावते, तेवढेच हेही की काम करून घेणारी आणि त्याची जोखीम घेणारी एकच होती. अर्थात १८८८ च्या त्या रस्त्यावर समोरून येणारी दुसरी मोटार नव्हती. यिशुन अव्हेन्यू टूवर संध्याकाळी सहाला तशी सोय नाही.

आता "गाडी तुझी, हौस तुझी" वाल्यांकडे येतो. रस्ता ओलांडणारा माणूस माझ्या ब्रेकवर विश्वास ठेवूनच पाऊल टाकतो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. सिंगापुरात २००९ पासून अशी सोय आहे की ज्येष्ठ नागरिकांनी आपले कार्ड सिग्नलच्या खांबाला लावले की हिरवा माणूस काही सेकंद जास्त चमकतो. खू टेक पुआत हॉस्पिटलच्या आसपास काठी टेकत चालणाऱ्या आजीआजोबांना मी रोज पाहतो. त्यांना जास्तीचे सेकंद देणाऱ्या व्यवस्थेने गृहीत धरले आहे की थांबलेल्या गाड्या थांबलेल्याच राहतील आणि येणारी गाडी थांबेल.

म्हणून एका हितचिंतकाने दिलेला सल्ला मला पटला नाही. तो म्हणाला, "बदल तू, पण पहिले आठ दिवस एकटाच चालव. मुलीला बसवू नकोस." ऐकायला किती समंजस! आमच्या टेबलावरच्या सगळ्यांनी मान डोलावली. पण नीट पाहिले तर याचा अर्थ काय होतो? माझी मुलगी बसण्याइतके ज्यांच्यावर भरवसा नाही, ते ब्रेक घेऊन मी इतरांच्या मुलींमधून आठ दिवस फिरायचे. मुलीसाठी एक मापदंड आणि झेब्रा क्रॉसिंगवरच्या आजींसाठी दुसरा, हा हिशेब मला मान्य नाही. ब्रेक मुलीला बसवण्याजोगे असतील तर पहिल्या दिवसापासून, नसतील तर गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. एवढे ठरवल्यावर प्रश्न सोपा झाला असे नाही, पण कामाचा झाला: रस्त्यावर येण्याआधी मला काय काय माहीत असायला हवे?

आमच्या बँकांच्या जगात यावर एक साधी रीत आहे. मेकर आणि चेकर. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करायची नाही, मग तो कितीही वरिष्ठ असो. त्यात अविश्वासाचा अपमान नसतो, तो नेमच असतो. हाउसिंग बोर्डाच्या गाडीतळात जॅक लावून दुरुस्ती मांडणे नियमात बसत नाही, त्यामुळे मला जागा शोधायचीच होती. यिशुन इंडस्ट्रियल पार्क ए मध्ये, बालसुब्रमण्यम स्वामींच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका वयस्क चिनी अंकलचे छोटे गॅरेज आहे. त्यांना म्हटले, "एक कोपरा द्या, काम मी करतो, भाडे घ्या." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, बहुधा माझे बूट आवडले नसावेत, आणि एकच अट घातली: गाडी बाहेर काढण्याआधी मी बघणार. मेकर-चेकर हे शब्द त्यांनी कधी ऐकले नसतील.

एका रविवारी सकाळी त्यांच्या गॅरेजात काम केले. अर्ध्या तासाच्या कामाला मला तीन तास लागले, कारण प्रत्येक पायरीआधी मी छापील मॅन्युअल उघडत होतो आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावत नव्हतो, म्हणजे अडले तर पाहायला एक शाबूत नमुना उरावा. मग अंकल आले. मला वाटले ते आधी नवे पॅड पाहतील. त्यांनी आधी आत बसून पेडल दाबले आणि पाय तसाच दाबून ठेवला, हळूहळू खाली जातो का ते पाहायला. मग चाक हाताने फिरवून कान लावला. ब्रेकच्या रबरी नळीला पीळ पडला नाही ना ते बोट फिरवून पाहिले. आणि मग विचारले, "जुने कुठे आहेत?"

जुने पॅड मी खोक्यात ठेवले होते. त्यांनी उजव्या चाकाचे दोन्ही पॅड बाकावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा तीन मिलिमीटर, आतला जेमतेम दीड. मला ते झिजलेले दोन तुकडे दिसत होते. त्यांनी ते एखाद्या रिपोर्टसारखे वाचले. दोन्ही सारखे झिजायला हवेत, नाही झिजले म्हणजे कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती अडकत होती. मी पिना साफ करून ग्रीस लावलेलेच होते, त्यांनी एक ओढून पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, दोन महिन्यांनी पुन्हा उघडून दोन्ही बाजू मोज. टाकलेल्या पॅडमध्ये पुढच्या पॅडची हकिगत लिहिलेली असते, हे मॅन्युअलच्या त्या पानावर नव्हते. अज्ञानाचा दुसरा थर मी म्हटले तो हाच. तो एकट्याने बसून वाचनाने भरत नाही, शेजारी कोणीतरी उभे लागते.

मुंबई-पुणे प्रवास केलेल्या प्रत्येकाने यापेक्षा पक्की व्यवस्था अनुभवली आहे, बहुतेकांनी बटाटेवडा खाता खाता. १८६३ साली बोर घाटातून रेल्वे सुरू झाली. आजही पुण्याकडून खाली उतरणारी गाडी घाटात मध्येच थांबते, आणि आपण खिडकीतून धुके बघत "काय झालं?" म्हणतो. काही झालेले नसते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या ठिकाणी मुख्य रुळाला फुटून चढणीवर जाणारा एक आंधळा रूळ आहे, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्या चढणीकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचे, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. थांबू शकली नाही तर ती चढणीवर जाऊन अडते, दरीत जात नाही. ड्रायव्हरची तीस वर्षे नोकरी झालेली असो की तीन, थांबून सर्वांनाच दाखवावे लागते. तू कोण आहेस हे तो सांधा विचारत नाही. आज, या गाडीचा ब्रेक लागतो का, एवढेच विचारतो. क्लिफर्डचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा या घाटातून गाड्या धावू लागून चौदा वर्षे झाली होती. रेल्वेवाले तत्त्वज्ञान वाचून असे करत नसतील, पण विश्वास आधी कमवा आणि मग पुढे जा, हे त्यांनी लोखंडात बसवले आहे.

मोटारीला कॅच सायडिंग नसते. तिच्यासारखे काहीतरी आपल्यालाच रचावे लागते. रविवारी त्या औद्योगिक वसाहतीत देवळाकडे येणारी तुरळक मंडळी सोडली तर वर्दळ नसते. आधी गॅरेजच्या अंगणात चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून. मग रिकाम्या गल्लीत वीसच्या वेगाने. मग यिशुन धरणावरच्या सरळ रस्त्याने, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, पन्नासवरून पंधरावर असे आठ-दहा वेळा, मध्ये चकती थंड होऊ देत. नव्या पॅडचा थर चकतीवर असाच बसवावा लागतो. प्रत्येक टप्प्यात चुकले असते तरी अडायला जागा होती.

घरी आल्यावर सौ.ला सांगायचे की नाही? सांगायचेच होते. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ज्याला विचारता येते, त्याला विचारले पाहिजे. झेब्रा क्रॉसिंगवरच्या आजींना विचारता येत नाही म्हणून तर त्यांच्या वाट्याची तपासणी आपण करायची. संवाद साधारण असा झाला.

"ब्रेक कोणी बदलले?"

"मी."

"मग उद्या हिला शाळेत तू सोडायचं नाहीस."

"गॅरेजवाल्याने बदलले असते तर विचारलं असतंस?"

"नसतं विचारलं. त्याच्याकडे रोज दहा गाड्या येतात. तुझ्याकडे आयुष्यात एक आली."

हे उत्तर सोपे नाही. दहा गाड्या रोज पाहणाऱ्याच्या बोटांना जे कळते ते माझ्या बोटांना कळत नाही, हे अंकलने बाकावर मांडून दाखवलेच होते. मी तिला ते दोन पॅड दाखवले, अंकलने काय काय तपासले ते सांगितले, धरणावर काय केले ते सांगितले.

"अंकलने बघितलं हे आधी का नाही सांगितलंस?" असे म्हणून ती आत गेली. म्हणजे तिचा विश्वास माझ्यावर बसला नव्हता, अंकलवर बसला होता. मला यात काही वावगे वाटले नाही.

चौदा वर्षांच्या कन्येला मात्र मी वेगळे विचारले. "उद्या बसशील?" तिने दोन्ही पॅड हातात घेतले, नखाने उरलेला थर मोजल्यासारखे केले आणि विचारले, "बाबा, हा दीडचा होता तेव्हा मी बसत होते ना?" होय. गेले काही महिने ती त्याच गाडीतून शाळेत जात होती, आणि आतल्या बाजूचा पॅड चाक न काढता दिसतच नव्हता. तेव्हा कोणीच तिला विचारले नव्हते, कारण कोणाला शंकाच नव्हती. सोमवारी सकाळी ती बसली. खतीबच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती फोनमध्ये डोके घालून होती.

दोन महिन्यांनी पुन्हा चाक उघडले. दोन्ही बाजूंची झीज सारखी निघाली. मागच्या चाकांचे पॅड अजून पाच मिलिमीटर आहेत, वर्षभर सहज जातील. ते आपण बदलणार असे कन्येने जाहीर केले आहे. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असल्याने पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, एक छोटा स्क्रू फिरवून मागे घ्यावा लागतो. ते पान तिने आधीच वाचून ठेवले आहे. चेकर कोण, यावर घरात एकमत नाही. मला वाटते मी. सौ. म्हणते अंकल. आणि त्या दिवशी शेजारच्या सीटवर कोण बसणार, हे कन्येने मला विचारले आहे.